गायरानाच्या मातीचा पंचनामा खाणीआधीच झाला पाहिजे

चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांच्या कोळसा पट्ट्यात एखादी खुली खाण सुरू होते, तेव्हा कोळसा निघण्याच्या कितीतरी आधी माती निघते. आधी वरची वीतभर-हातभर काळी किंवा मुरमाड माती, मग पिवळी चिकणमाती, मग वाळूचा खडक आणि त्याखाली कोळसा. खाणीच्या भाषेत कोळशावरचे हे सगळेच ‘ओव्हरबर्डन’, म्हणजे वरचे ओझे. ज्या मातीवर गावाची गुरे जगली, भूमिहीनांच्या शेळ्या जगल्या, ती माती कंपनीच्या हिशेबात ओझे ठरते आणि खडकासोबत एकाच डंपरमध्ये चढते. वीस-पंचवीस वर्षांनी कोळसा संपतो, तेव्हा जमीन ‘पूर्ववत’ करण्याची भाषा सुरू होते. पूर्ववत म्हणजे कशासारखी? आधी काय होते, हे कोणी लिहून ठेवले आहे काय? आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे.

शेतकऱ्याच्या शेताबाबत निदान सातबारा असतो, पीकपाण्याची नोंद असते. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली, त्यामुळे ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या मातीची थोडीफार तपासणीही होते. गायरानाच्या नावाने अशी पत्रिका कोण काढणार? गायरानाला खातेदार नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली गुरचरणासाठी राखलेली ही जमीन कागदावर सरकारची, वापरात गावाची आणि गरजेपुरती गरिबाची. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात ‘निकृष्ट चराई जमीन’ हा पडीक जमिनीचाच एक प्रकार धरलेला आहे. एकदा पडीक हा शिक्का बसला की तिथली माती तपासण्याची, राखण्याची आणि परत पसरण्याची निकड कोणालाच वाटत नाही.

हा शिक्का बसतो कसा, तेही वाचकांनी समजून घ्यावे. खाणीच्या पर्यावरण मंजुरीसाठी १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवाल करावा लागतो. त्यासाठी हवा, पाणी, आवाज आणि माती यांची मूळ स्थिती साधारणपणे एका हंगामात नोंदवतात आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. खाणीच्या भोवताली दहा किलोमीटरच्या परिघातून मातीचे मोजके नमुने घेतले जातात. आता मार्च-एप्रिलमध्ये विदर्भातले गायरान कसे दिसते, हे आम्ही सांगायला नको. गवत वाळलेले, जमीन उघडी, दगडगोटे वर आलेले. त्याच गायरानावर सप्टेंबरात कुसळी, मारवेल, पवन्या, शेडा कमरेएवढे उभे असते. उन्हाळ्यात फोटो काढायचा आणि ‘विरळ वनस्पती, कमी सुपीकता’ असे लिहून मोकळे व्हायचे, ही पद्धत पडली आहे. पोटभर जेवून गेलेल्या माणसाचे रिकामे ताट दाखवून या घरात कधी अन्नच शिजले नाही, असे सांगण्याचा हा प्रकार आहे.

अशा जनसुनावण्यांना आम्ही वकील म्हणून आणि कार्यकर्ते म्हणून बसत आलो आहोत. एका सुनावणीत मराठी सारांशात मातीवर पान-अर्धे पान होते: सामू इतका, नत्र इतके, स्फुरद इतके. गायरानाचे नावही नव्हते. बौद्धवाड्यातली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “साहेब, आमच्या बकऱ्या कुठी चाराच्या जी?” व्यासपीठावरून उत्तर आले की खाण संपल्यावर तिथे वृक्षारोपण होईल. सभागृहात हसू उठले, पण तिचा प्रश्न इतिवृत्तात आला नाही. तिच्या नावाने सातबारा नव्हता, म्हणून तिच्या प्रश्नाला गट नंबर नव्हता.

मातीचे सर्वेक्षण म्हणजे नेमके काय, हे आपल्या कार्यकर्त्यांनी शिकून घेतले पाहिजे. मूठभर माती पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवली, म्हणजे सर्वेक्षण झाले असे नाही. जमीन वरून सारखी दिसली, तरी माथ्यावर, उतारावर आणि नाल्याकाठी मातीची खोली वेगळी असते. मध्यप्रांताच्या काळात बंदोबस्त करणारे अधिकारीसुद्धा काळी, मोरांड, खरडी, बरडी असे भेद करत होते, कारण त्यांना सारा वसूल करायचा होता. आज सर्वेक्षक आधी नकाशा आणि उपग्रहचित्रावर जमिनीचे भाग पाडतो. मग प्रत्येक भागात साधारण दीड मीटर खोल, किंवा मुरूम-खडक लागेपर्यंत, माणूस उतरेल एवढा खड्डा घेतो. खड्ड्याच्या भिंतीवर थर दिसतात. प्रत्येक थराची जाडी, रंग, पोत, खड्यांचे प्रमाण आणि मुळे कुठवर गेली आहेत याची नोंद तो जागेवरच करतो. सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले की चुनखडीची माती फसफसते, तीही नोंद होते. दोन खड्ड्यांच्या मधली जागा गिरमिटाने तपासतात. नंतर प्रयोगशाळेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि सोडियमचे प्रमाण बघतात. शेवटी जो नकाशा तयार होतो, त्यावर कोणत्या तुकड्यात किती जाडीची माती उचलून ठेवण्याजोगी आहे, हे लिहिलेले असते.

या जाडीचे महत्त्व साध्या गणिताने कळते. एका हेक्टरवर २० सेंटीमीटर चांगली माती असेल, तर ती २,००० घनमीटर होते. शंभर हेक्टर गायरानावर २ लाख घनमीटर. ही संख्या खाणीआधी कागदावर आली, तर दहा वर्षांनी गाव विचारू शकते की आमची २ लाख घनमीटर माती कुठे आहे, ढिगारा दाखवा. ही संख्याच नसेल, तर विचारणार काय? न्यायालयात भावना चालत नाहीत, पुरावा चालतो. मातीचा सर्वेक्षण अहवाल हा गायरानाचा पंचनामा आहे आणि पंचनामा घटनेनंतर वीस वर्षांनी करून उपयोग नसतो.

जाडीइतकाच थरांचा क्रम महत्त्वाचा. गवताचे बी, मुळांचे तुकडे, बुरशी, जिवाणू, गांडुळे हे सगळे वरच्या थोड्याशा थरात असते. गायरानावर तो थर शेतापेक्षाही पातळ असतो, म्हणून तो जपून उचलावा लागतो. काळ्या जमिनीच्या खालच्या थरात पुष्कळदा चुनखडी आणि सोडियम जास्त असते. तो थर वर आला तर पाणी मुरत नाही, खपली धरते, बी उगवत नाही. वरची माती वेगळी काढली, पण उंच ढीग करून वर्षानुवर्षे ठेवली, तर ढिगाच्या पोटात हवा जात नाही आणि त्यातले जीव मरतात. म्हणून ढीग बुटके ठेवायचे, त्यावर गवत किंवा द्विदल पेरायचे, आणि शक्य तिथे आज उचललेली माती भरून झालेल्या खाणीवर लगेच पसरायची, असा या शास्त्राचा साधा नियम आहे. हे ज्ञान परदेशातून आणायची गरज नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे. खाणींच्या ढिगाऱ्यांवर प्रेसमड आणि जिवाणू खते वापरून वनस्पती उभी करण्याचे काम केलेली नीरी ही संस्थाही नागपुरातच आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालयसुद्धा त्याच नागपुरात. अंतर काही किलोमीटरचे आहे. इच्छेचे अंतर मात्र फार मोठे आहे.

अमेरिकेचे उदाहरण मुद्दाम देतो. तिथे ३ ऑगस्ट १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी खुल्या कोळसा खाणींच्या नियंत्रणाचा आणि जमीन पुनर्भरणाचा कायदा मंजूर केला. वरची माती वेगळी काढणे, वेगळी ठेवणे, ताबडतोब पसरायची नसेल तर तिच्यावर लवकर वाढणारी वनस्पती लावून ती जपणे, हे त्या कायद्यातच लिहिले आहे. वायोमिंग-मोंटानाच्या कोरड्या चराऊ माळांवर परवान्याच्या अर्जासोबतच मातीची माहिती द्यावी लागते. कंपनीला आधी हमी रक्कम भरावी लागते. खड्डा भरून, उतार नीट करून झाला की ६० टक्क्यांपर्यंत रक्कम सुटू शकते, बाकीची वनस्पती उभी राहिल्यावर. शेवटच्या पेरणीनंतर पाच वर्षे कंपनीची जबाबदारी राहते, आणि जिथे वार्षिक पाऊस २६ इंच किंवा त्याहून कमी, तिथे दहा वर्षे. कोरड्या माळावर गवत सावकाश येते, हे कायद्याला ठाऊक आहे. हमी रक्कम सोडण्याला बाधित माणूस हरकत घेऊ शकतो, सुनावणी मागू शकतो.

तिथेही सगळे आलबेल आहे असे आमचे म्हणणे नाही. अॅरिझोनातल्या ब्लॅक मेसा पठारावर नवाहो आणि होपी या आदिवासींच्या जमिनीत दशकानुदशके कोळसा काढला गेला. तिथल्या नवाहो कुटुंबांचे जगणे मेंढ्यांवर. ब्लॅक मेसा खाण २००५ च्या अखेरीस थांबली, शेजारची कायेंटा खाण २०१९ मध्ये बंद झाली. त्यानंतर जमीन खरोखर चराईलायक झाली का, पाण्याचे काय, यावर तिथले लोक भांडतच राहिले. परंतु भांडायला त्यांच्या हातात कायद्याने दिलेले माप आहे. आपल्या म्हातारीच्या हातात काय आहे?

आपल्याकडे अगदीच काही नाही असेही नाही. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॉमन कॉज विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात महत्त्वाचा आदेश दिला. खाणकाम थांबल्यावर पट्टेधारकाने खाणीच्या आणि खाणकामाने बिघडलेल्या इतर जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चारा, वनस्पती व प्राणिजीवनाला योग्य अशा स्थितीत आणावी, अशी अट घालण्याचे निर्देश केंद्राला दिले. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या त्या खंडपीठात न्या. भूषण गवई आणि न्या. सूर्यकांत होते. त्याच महिन्यात पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून ही अट लागू केली. न्यायालयाने ‘झाडे लावा’ एवढ्यावर भागवले नाही, चाऱ्याचा उल्लेख केला, हे आम्ही अधोरेखित करतो. सामान्यतः खाणीच्या ढिगाऱ्यावर एकाच जातीची झाडे दाट लावतात, भोवती कुंपण घालतात आणि आकडा जाहीर करतात. मोठ्या खुल्या कोळसा खाणींच्या पुनर्भरणाची पाहणी उपग्रहावरून होते. उपग्रहाला हिरवे दिसते. त्या हिरव्याखाली किती माती आहे आणि त्या कुंपणाच्या आत शेळी जाते का, हे उपग्रह सांगत नाही.

पैशाचीही सोय आहे. कोळसा मंत्रालयाने २७ ऑगस्ट २००९ रोजी खाणबंदीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये या दराने स्वतंत्र एस्क्रो खात्यात रक्कम भरण्याची तरतूद झाली. पुढे तत्त्वे आणि दर बदलत गेले, व्यवस्था कायम राहिली. कोळसा नियंत्रकाकडे या खात्याची देखरेख असते. म्हणजे पुनर्भरणाला पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. काही खड्डे खणून आणि मातीचे थर मोजून होणाऱ्या सर्वेक्षणाचा खर्च या रकमेपुढे किरकोळ आहे.

खरी अडचण मालकीत आहे. कोळसाधारक क्षेत्रे (संपादन व विकास) कायदा, १९५७ खाली जमीन घेतली की ती सर्व बोजांतून मुक्त होऊन केंद्राकडे आणि तिथून सरकारी कंपनीकडे जाते. कोळसा संपल्यावर ती गावाला परत करण्याची सक्ती त्या कायद्यात नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा खणून झालेल्या जमिनी कोळसा आणि ऊर्जेच्या इतर प्रकल्पांसाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या धोरणाला मंजुरी दिली. आता जोडून पाहा. आधी गायरान पडीक म्हणून नोंदवले, मग माती न मोजता खणले, मग झाडे लावून पूर्ववत झाल्याचे जाहीर केले, आणि शेवटी तीच जमीन दुसऱ्या कंपनीला दिली. गुरांची वाट कायमची बंद. प्रत्येक पायरीवर कागद बरोबर आहे, फक्त गाव त्यात नाही.

येथे आपल्या चळवळीतला एक नाजूक मुद्दा टाळून चालणार नाही. गायरान म्हणजे केवळ चराई नव्हे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्याच्या जोरावर गावोगावच्या दलित-आदिवासींनी गायरानाचे तुकडे फोडून पेरले. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. तरी कित्येकांच्या हाती आजही सातबारा नाही. तेव्हा काही कार्यकर्ते विचारतात, “गायरान चराईचे आहे असे सर्वेक्षणात लिहिले, तर आपलेच कसणारे अतिक्रमक ठरणार नाहीत का?” शंका रास्त आहे. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा आधार घेऊन गरिबांची घरे आणि शेते हटवण्याच्या नोटिसा अनेक ठिकाणी निघाल्या. पण त्याच निकालात सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद नमूद आहे, हे नोटिसा काढणारे सांगत नाहीत.

आमचे उत्तर असे की सर्वेक्षण जसे आहे तसे झाले पाहिजे. मृदा सर्वेक्षक खड्डा घेतो, तेव्हा नांगराखाली गेलेली माती आणि न नांगरलेली माती त्याला वेगळी दिसते. नांगरटीचा थर लपत नाही. ज्या तुकड्यावर आपल्या माणसाने तीस-चाळीस वर्षे कष्ट केले, त्याची साक्ष ती मातीच देते. नकाशावर कसलेला तुकडा वेगळा, चराईचा वेगळा, सरपण-गवत कापण्याचा वेगळा दाखवला आणि त्यावर वापरणाऱ्या कुटुंबांची यादी जोडली, तर तो कागद कसणाऱ्याच्या विरोधात नव्हे, बाजूने उभा राहतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या व्याख्येत जमीन नसलेले, पण संपादनाआधी तीन वर्षे त्या क्षेत्रात काम करून मुख्य उपजीविका मिळवणारे कुटुंबही बाधित कुटुंब आहे. त्या कायद्याच्या पुनर्वसनाच्या तरतुदी २८ ऑगस्ट २०१५ च्या आदेशाने कोळसा संपादनालाही लागू झाल्या. भूमिहीनाने आपली उपजीविका सिद्ध करायची तर याहून चांगला पुरावा कोणता?

देशाला वीज हवी, कोळसा हवा, खाणीतल्या नोकऱ्या आपल्याही मुलांना हव्यात, असे सांगणारे असतील. आम्ही खाण बंद करा म्हणत नाही. खणण्याआधी लिहून ठेवा, एवढेच म्हणतो. घर भाड्याने देताना मालक भिंतींची, नळांची यादी करतो आणि सोडताना ती ताडून पाहतो. गावाने आपले गायरान देताना एवढीही यादी मागू नये काय?

तेव्हा कोळसा पट्ट्यातल्या गावांनी आणि आपल्या कार्यकर्त्यांनी काय करायचे? जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी निघते. ते दिवस घोषणांच्या तयारीत घालवू नयेत. ग्रामसभेचा ठराव करून लेखी मागणी द्यावी: गायरानाचे गट नंबरनिहाय सविस्तर मृदा सर्वेक्षण व्हावे, पावसाळ्यानंतर गवत उभे असताना व्हावे, खड्डे घेताना गावाचे लोक हजर असावेत, आणि वरच्या मातीचे घनमीटर मंजुरीच्या अटीत लिहावे. खर्चाचा प्रश्न काढला, तर २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी आहे. पर्यावरण हा त्याच्या प्राधान्याचा विषय आहे. जवळच्या कृषी महाविद्यालयाकडून हे काम करून घेता येते. मंजुरी मिळाली, तर अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो माहितीच्या अधिकारात मागावा आणि ढिगाऱ्याशी ताडून बघावा. मंजुरीच चुकीची असेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे. उशिराला सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस, त्यापुढे दार बंद. पुण्याला खंडपीठ आहे. आणि ज्या खाणी आता बंद होत आहेत, तिथे २०२० च्या आदेशाची प्रत हातात घेऊन विचारावे की झाडे किती लावली ते राहू द्या, चारा कुठे उगवला ते दाखवा.

शिकलेल्या तरुणांना आमची खास विनंती आहे. आपल्यात आता वकील आहेत, कृषी पदवीधर आहेत, भूगोल आणि भूशास्त्र शिकलेली मुले-मुली आहेत. एका रविवारी चार-पाच जणांनी कुदळ, टेप आणि वही घेऊन आपल्या गावच्या गायरानावर जावे. तो अधिकृत अहवाल होणार नाही. पण तारीख, गट नंबर, फोटो, मातीची खोली आणि त्या जमिनीवर जगणाऱ्या घरांची नावे यांची नोंद ग्रामपंचायतीच्या आवकेत शिक्का मारून जमा झाली, तर ‘येथे काहीच नव्हते’ असे पुढे कोणाला शपथेवर म्हणता येणार नाही. गायरानाचा सातबारा आपल्या नावाचा नसेल, त्याच्या मातीची नोंद तरी आपल्या हातची असू द्या.